खिशात खुंट्या

अकोल्यात मे महिन्यात काळा कोट घालून फिरणारा माणूस एक तर वकील असतो, नाहीतर त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. देवराव वानखडे वकील नाही. डोक्याचं म्हणाल, तर आमच्या अख्ख्या मिलमध्ये तसं दुसरं डोकं नाही, आणि हे मी सांगतो आहे. मी म्हणजे शालिकराम, मिलच्या फाटकावरचा टाइमकीपर. आठ वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला बाहेर उभं ठेवणं हे माझं काम, आणि ते मी बावीस वर्षं मोठ्या आवडीने करत आलो आहे. कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही. त्यामुळे या लिखाणात कुठे कौतुक आलंच, तर ते खरं समजावं.

देवराव जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत शिरला, की तो दिसायच्या आधी ऐकू येतो. कोटाचे दोन्ही खिसे लाकडी खुंट्यांनी भरलेले असतात. करंगळीच्या पेराएवढ्या खुंट्या, पावलागणिक खुळखुळणाऱ्या. माझी बायको आशाबाई स्वयंपाकघरातूनच ओरडते, "देवरावभाऊ आले, चहा टाकते." मी घरी येतो तेव्हा कोणी चहा टाकत नाही. असो.

आता अडुसष्ट साल चालू आहे, म्हणजे त्या कोटाला सहा वर्षं होतील. कोपरं विरली, एक बटण भलत्याच रंगाचं आहे, पण देवराव कोट टाकत नाही. का टाकत नाही, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

देवराव मोर्शीकडचा. मोर्शीपासून दोन कोसांवर त्याचं गाव. वडील पुंजाजी तरुणपणी घरच्या मागावर जाडंभरडं कापड विणत. पुढे बाजारात मिलचं कापड आलं, पुंजाजींच्या कापडाला कोणी विचारेना, आणि माग सुटा करून आढ्याला बांधला गेला. मग मजुरी. मजुरीवर त्यांनी मुलाला शिकवलं. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं, आणि पुढच्याच वर्षी देवराव मॅट्रिक पास झाला. वस्तीतला पहिला मॅट्रिक. पुंजाजींनी त्या दिवशी एकच गोष्ट ठरवली आणि पुढे पाच वर्षं ती सोडली नाही. पोराने सरकारी कचेरीत पंख्याखाली बसायचं. नोकरीला ते नोकरी म्हणतच नसत, 'पंखा' म्हणत. "देवरावले पंखा भेटला म्हंजे मी मोकळा," असं ते वाटेत भेटेल त्याला सांगत.

पंखा लवकर भेटला नाही. धर्म बदलला म्हणून सवलत गेली होती, ती महाराष्ट्र झाल्यावर परत मिळाली. तोवर देवरावने तीन ठिकाणी हात पोळून घेतले. पहिल्यांदा एका खेड्यात तात्पुरता मास्तर झाला. गावात कोणी खोली देईना, म्हणून शाळेतच निजायचा. पोरांना पाढे असे पाठ झाले की तपासनीस खूश होऊन गेले. तीन महिन्यांनी 'गरज नाही' असं पत्र आलं. मग शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या वखारीत लागला. तिथे त्याने पेटीत संत्री रचायची एक तऱ्हा काढली. कोणत्या थरात किती, कोणत्या कोपऱ्यातून सुरुवात, सगळं कागदावर आखून भिंतीला चिकटवलं. कोणीही कागद बघावा आणि पेटी भरावी, एक फळ कमी नाही, एक जास्त नाही. मालकाने पाठ थोपटली आणि पुढच्या हंगामाला बोलावलंच नाही. कागद मात्र भिंतीवर ठेवून घेतला. तिसऱ्यांदा अमरावतीत एका वकिलाकडे कारकून. सात आठवडे. एका सोमवारी वकिलाने पायरीवरूनच सांगितलं, "उद्यापासून येऊ नको."

"कावून?" देवरावने विचारलं.

"येऊ नको म्हटलं ना," वकील म्हणाला आणि आत गेला.

साठ साली तो आमच्या फाटकावर आला. सात पन्नासला. हे मला आवडलं. मी त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनावावरून आणि वस्तीवरून जे कळायचं ते कळलं, आणि मी त्याला कांडी खात्यात बदली कामगार म्हणून लिहून टाकलं. साचा खात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, त्याला टाकायचं माझ्या मनातही आलं नाही. त्याचं कारण सांगायला हवं, आणि सांगताना मला लाज वाटते.

साच्यावर धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते बोटाने निघत नाही. धोटा तोंडाला लावून श्वासाने ओढावं लागतं. आणि एकच साचा दिवसपाळीला एक विणकर चालवतो, रातपाळीला दुसरा. म्हणजे एका धोट्याला दोन तोंडं. एवढ्यावरून पिढ्यान् पिढ्या ठरत आलं होतं की साचा खात्यात कोणी यायचं आणि कोणी कांड्यांच्या टोपल्या वाहायच्या. पाटी कुठेच नव्हती. पाटीची गरजच नव्हती, मी होतो ना फाटकावर.

तर देवराव कांड्यांच्या टोपल्या वाहू लागला.

आमच्या साचा खात्यात काठाच्या लुगड्यांसाठी चार साच्यांवर डॉबी बसवलेली होती. डॉबी म्हणजे साच्याच्या डोक्यावरची पेटी. तिच्यावरून लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरते. काठासाठी प्रत्येक पट्टीला सोळा भोकं. भोकात खुंटी असली तर काठाचे ते दोरे वर उचलले जातात, नसली तर खालीच राहतात. धोटा एकदा पळाला की पुढची पट्टी. बस्स, एवढंच. कुठे खुंटी लावायची आणि कुठे नाही, यावर काठात डमरू येणार की चौकडी हे ठरतं. साच्याला अक्कल नसते. अक्कल लाकडाच्या पट्टीवर टोचून त्याच्या डोक्यावर ठेवायची. परवा पेपरात आलं होतं की मुंबईत म्हणे एक गणकयंत्र आहे, ते भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालतं. मी मोठ्या नवलाने देवरावला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भोकं अन् पत्तेच हायत ना? मंग त्यात नवीन काय हाय, भाऊ?"

खुंट्या लावायचं काम अब्दुल रहीम यांचं. त्यांना सगळे रहीमचाचा म्हणत. बाळापूरचं विणकर घराणं, साठी उलटलेली, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. नक्षी कागदावर आखायची आणि पट्ट्यांवर टोचायची हे काम मिलमध्ये त्यांच्याशिवाय कोणाला येत नव्हतं.

एक दिवस खुशालरावाच्या साच्यावर काठातला डमरू फुटू लागला. खुशालराव म्हणजे साचा खात्यातला पहिल्या नंबरचा विणकर, आणि आवाजाने त्याहून वरचा. त्याने आरडाओरड केली. मिस्त्रीने डॉबी उघडली, तेल घातलं, पुन्हा बंद केली. डमरू फुटतच राहिला. दुपार गेली. देवराव टोपली डोक्यावर घेऊन उभा होता. सगळे यंत्राकडे बघत होते, हा एकटा कापडाकडे.

"चाचा," तो म्हणाला, "यंत्राची चूक असती तं डमरू कधी अठी फुटला असता, कधी तठी. हा दर खेपेस एकाच जागी फुटून राह्यला. खुंटी पडली हाय कोठी तरी. एकोनविसावी पट्टी पाहा, तिसरं भोक."

चाचांनी बोटांनी चाचपून पट्टी मोजली. "तीसरे में तो खुंटी हाय, बेटा."

"त्या बाजूनं नाई, चाचा. या बाजूनं तिसरं."

या बाजूने तिसरं भोक रिकामं होतं. चाचा साच्याच्या पलीकडे उभे आहेत म्हणून उलटं मोजत असतील असं सगळ्यांना वाटलं, सगळे हसले आणि विसरून गेले. ते विसरायला नको होतं, पण ते पुढे येईलच. खुंटी बसली, डमरू जुळला. चाचांनी चष्मा पुसला आणि मिस्त्रीकडे बघत म्हणाले, "मशीन झूट बोलती है, मिस्त्री बी बोलते. कपडा झूट नहीं बोलता. हा पोरगा कपड्याले विचारते." आणि मॅनेजर साहेबांना सांगून त्यांनी देवरावला आपल्या बाकावर मदतीला मागून घेतलं. खुंट्यांना तोंड लावावं लागत नाही, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

दोन वर्षं देवराव त्या बाकावर बसला. कागदावर तो बदलीच होता, आज काम आहे, उद्या नाही. पण माणूस फुलला. चाचा त्यांच्या वहीत नक्षी आखून देत, देवराव ती पट्ट्यांवर टोचे. डमरू, चौकडी, रुद्राक्ष. जेवणाच्या सुट्टीत मी सावलीत बसावं तर हा शेजारी येऊन सांगणार, "भाऊ, अठ्ठेचाळीस पट्ट्यांचं काम चोवीसमधी होते. अर्धी नक्षी टोचाची, अन् साखळी जाऊन परत उलटी फिरवाची." मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी मान हलवत असे.

बासष्ट साली दसऱ्याच्या आधी बारा दिवस दोन गोष्टी एकदम घडल्या.

अमरावतीहून लांब सरकारी पाकीट आलं. देवराव पुंजाजी वानखडे यांची कारकून म्हणून नेमणूक झाली आहे, दसऱ्यानंतरच्या बुधवारपर्यंत हजर व्हावं, न आल्यास नेमणूक रद्द समजावी. त्याच आठवड्यात मॅनेजर साहेबांनी त्याला बोलावलं. चाचांचे डोळे आता चालत नव्हते, दसऱ्याला ते घरी बसणार होते. "बाक तुला देतो, कायम करतो," साहेब म्हणाले. "पण खंडेनवमीपर्यंत शब्द पाहिजे. नाहीतर मी नागपूरहून माणूस आणतो."

देवराव माझ्याकडे आला. "भाऊ, काय करू?"

"याच्यात विचारायचं काय?" मी म्हणालो. "सरकारी नोकरी. पेन्शन. मिल आज आहे, उद्या बंद पडली तर खुंट्या काय उकडून खाणार?" मी भलताच सल्ला छातीठोकपणे देतो, ही माझी जुनी खोड आहे.

"थे खरं हाय," तो म्हणाला. "गावात मायनं साखर वाटली. बाबा तं कचेरीत तेरा खेपा पायी गेले त्या कागदासाठी. अन् मले भेव वाटते, भाऊ. तीन ठिकानी घुसलो अन् तीन ठिकानून निघालो. ह्या बाकावर जीव लावला अन् अठूनही निघालो, तं मंग कोनत्या तोंडानं घरी जाऊ?"

"आणि मन काय म्हणतं?"

खिशातून एक खुंटी काढून त्याने बोटांत फिरवली आणि परत आत टाकली.

चाचा घरी बसायच्या आधी एक शेवटचं काम देवरावने त्यांच्यापुढे ठेवलं. दसरा म्हणजे त्यांच्या लोकांचा दीक्षेचा दिवस. बाया पांढरी लुगडी नेसतात. पांढऱ्या लुगड्याला निळा काठ, आणि काठात पिंपळाचं पान, असं लुगडं बाजारात कुठेच नव्हतं. त्या सरकारी पाकिटाच्या पाठीवर त्याने पानाचा आकार काढून दाखवला. पान झाडावर लोंबतं तसं, निमुळतं टोक खाली पायाकडे. चाचा खूश झाले. डोळ्यांना भिंग लावून त्यांनी ते वहीत चौकटी चौकटींनी आखलं, देवरावने टोचलं, आणि साखळी खुशालरावाच्या साच्यावर चढली. शनिवारी अमरावतीचा व्यापारी नमुना बघायला येणार होता.

शुक्रवारी सकाळी पहिलं पान कापडावर आलं. सगळे वाकून बघू लागले.

"बाप्पा!" खुशालराव म्हणाला. "हे पान तं डोक्यावर उभं हाय!"

खरंच होतं. टोक वर, देठ खाली. एक नाही, ओळीने सगळी पानं शीर्षासन करत होती. मॅनेजर साहेब तरातरा आले. मिस्त्री म्हणाला, सगळ्या खुंट्या उपटून नव्याने टोचायला दोन दिवस लागतील. साहेब देवरावला फक्त एवढंच म्हणाले, "शिकलेला माणूस ना रे तू?" आणि निघून गेले.

देवराव फाटकावर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी अमरावतीले जातो, भाऊ. चौथ्यांदा चुकलो. चाचाची वही तेवढी देऊन येतो."

मी त्याला थांबवलं नाही. उलट बरं झालं म्हणालो. माझ्यासारखा मित्र असल्यावर माणसाला शत्रूची काय गरज.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. चाचा आजारपणाची सुट्टी घेऊन मिलजवळच्या आपल्या घरीच होते. ओट्यावर बसून उर्दू पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होते. देवरावने वही पुढे केली आणि काय झालं ते सांगितलं. चाचांनी वही घेतली, मागच्या बाजूने उघडली, आणि पिंपळपानाची नक्षी बोटाने तपासू लागले. बोट उजव्या कडेपासून निघालं आणि डावीकडे सरकू लागलं.

देवराव बघतच राहिला.

"चाचा, पहिलं भोक कोनतं?"

"ये." चाचांचं बोट उजव्या टोकावर.

"अन् सोळावं?"

"ये, और कौनसा?" बोट डाव्या टोकावर.

चाचांना आयुष्यभर उजवीकडून लिहायची सवय, तर देवराव शिकला मोर्शीच्या मराठी शाळेत. दोन वर्षं चाचा उजवीकडून आखत होते आणि हा डावीकडून टोचत होता. डमरू काय, चौकडी काय, रुद्राक्ष काय, दोन्हीकडून सारखेच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पानाला मात्र देठ एकीकडे आणि टोक दुसरीकडे. पानाने दोन वर्षांची चोरी पकडून दिली.

देवराव हसायला लागला. चाचांना समजलं तेव्हा तेही हसायला लागले, इतके की चष्मा मांडीवर पडला. आतून त्यांची बायको हलीमाबी धावत बाहेर आली आणि एकाची नोकरी जायला निघालेली असताना हे दोघं का हसतात ते तिला कळेना.

तो धावतच मिलवर आला. बाहेर गेलेल्या माणसाला पाळी संपेपर्यंत आत घ्यायचं नाही असा नियम आहे. बावीस वर्षांत मी तो एकदाच मोडला. मला वाटतं त्याच्या तोंडाकडे बघून मोडला असावा. आत गेल्यावर त्याने मिस्त्रीला सांगितलं की एकही खुंटी उपटायची नाही. सबंध साखळी उतरवायची आणि फिरवून, डावी बाजू उजवीकडे करून चढवायची. साखळी फिरवली म्हणजे पट्ट्यांची रांगही उलटी होते, पण पान मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखं असतं, त्यामुळे बिघडत काही नाही. मिस्त्रीला पटलं नाही, तरी अर्ध्या तासात साखळी फिरली, खुशालरावाने साचा चालवला आणि पान झाडावर लोंबतं तसं, टोक खाली करून, काठात उतरलं. खुशालरावाने आपला आवाज लावून सगळ्या खात्याला ते पान बघायला बोलावलं.

सहाचा भोंगा झाल्यावर देवराव माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊ, मले आज एक गोष्ट समजली. मास्तर होतो तवा माही काय चूक झाली? कोनी सांगतली नाई. संत्र्याच्या वखारीत? नाई सांगतली. वकिलाले तं मी तोंडावर विचारलं, तरी नाई सांगतली. मी रातरातभर शोधत होतो, आपलं चुकलं कोठी? सापडलंच नाई, कावून का चूक माह्यात नवतीच. अन् अठी पाहा. अठी चूक झाली तं थे कापडावर दिसते. शोधली तं सापडते. बोट ठेवून दाखोता येते, ही पाहा, ह्या भोकात हाय. अन् काढली तं निंघते! मले हेच काम पायजे, भाऊ. पंखा नाई पायजे."

मला ते तीन मालक आठवले, आणि फाटकावरचा चौथा माणूसही आठवला, ज्याने याला न विचारताच कांडी खात्यात लिहिलं होतं. मी त्याला तेव्हाच तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुमची चूक तं सापडली ना, भाऊ. मंग झालं." मला भरून आलं, आणि ते लपवायला मी त्याला उद्या उशीर करू नकोस म्हणून दटावलं.

व्यापाऱ्याला पान आवडलं. देवरावने साहेबांना शब्द दिला आणि साहेबांनी हात पुढे केला. उलट्या पानाचं जेवढं कापड निघालं होतं ते मिलच्या दुकानात तुकड्याने विकलं. आशाबाईने त्यातलं घेतलं. ती ते सणाला नेसते, आणि कोणी विचारलं तर सांगते की उलट्या पानाचं लुगडं अकोल्यात फक्त तिच्याकडे आहे.

राहिले पुंजाजी. त्यांना कसं सांगायचं? देवरावची छाती होईना. पत्र पाठवलं तर ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागणार, म्हणजे गावभर होणार. आज जातो, उद्या जातो करता करता खंडेनवमी आली.

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. साचे धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात, कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात, आणि पूजेनंतर प्रत्येक साचा थोडा चालवून दाखवतात. देवराव पूजा करत नाही, पण त्या दिवशी चारही डॉब्यांना तेल तोच देतो. मी फाटकावर उभा होतो, तर समोर एक वाळका उंच म्हातारा. डोक्याला पांढरा फेटा, काखेत कापडात बांधलेलं गाठोडं.

"देवराव वानखडेचा बाप हावो मी. त्याले घ्याले आलो. परवा हजर व्हाचं हाय अमरावतीले."

मी त्यांना घेऊन साचा खात्याकडे निघालो. दाराशी पुंजाजी थांबले. पाय आत टाकेनात. आतून देवरावने त्यांना पाहिलं आणि तो धावत आला. पाया पडला, आणि उठायच्या आधीच, खाली बघत, सगळं एका दमात सांगून टाकलं. अमरावतीला जात नाही, बाक घेतला, शब्द दिला, तुमच्या तेरा खेपा वाया घालवल्या.

पुंजाजींनी आतल्या साच्यांकडे बघितलं.

"मी आल्तो अठी," ते म्हणाले. "तू जन्माले नवता तवा. घरचा माग बंद पडला अन् म्हनलं, इनता येते आपल्याले, मिलमधी जाऊ. ह्याच दारातून परत लावलं मले. धोट्याले तोंड लावा लागते म्हने. म्हनून मी पंखा पंखा करत होतो, बापा. पंख्याखाली कोनाले तोंड लावा लागत नाई. तुले कोनी दारातून परत लावू नाई म्हनून."

देवरावला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. तो रडू लागला. मीही, टाइमकीपर असून.

दाराजवळचाच साचा खुशालरावाचा. त्याने सगळं ऐकलं होतं. माळ घातलेल्या साच्यावर पांढऱ्या लुगड्याचा निळा काठ ताणलेला होता. खुशालराव पुढे आला. एका हातात धोटा, एका हातात नवी कांडी.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे, "भरून पाहता काय?"

पुंजाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग पाय उचलून आत टाकला. गाठोडं माझ्या हातात दिलं. कांडी बसवली, धोटा ओठांना लावला आणि एकच श्वास घेतला. सूत सरळ बाहेर आलं. तीस वर्षांत हात विसरले नव्हते. खुशालरावाने धोटा घेतला, पुसला नाही, साच्यात ठेवला आणि साचा चालू केला. डोक्यावर देवरावच्या पट्ट्या फिरू लागल्या. पानाची एक कड आली, पान मधल्या शिरेकडे भरत गेलं. आणि निम्म्यावर सूत तुटलं.

आजूबाजूच्या साच्यांवरचे विणकर बघत होते. खुशालरावाने तोच धोटा उचलला, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला, सूत ओढलं आणि पान पुरं केलं.

पुंजाजींनी कापडाजवळ जाऊन त्या पानावरून अंगठा फिरवला. वर बघितलं, इकडे तिकडे बघितलं.

"पंखा तं खरंच नाई अठी," ते म्हणाले.

"नाई, बाबा."

त्यांनी माझ्याकडून गाठोडं घेतलं आणि सोडलं. आत काळा कोट होता. कचेरीत घालायला म्हणून मोर्शीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. साचा खात्यात तेव्हा भट्टीसारखं उकडत होतं. पुंजाजींनी कोट झटकला, मुलाच्या अंगात चढवला, बटणं स्वतः लावली, आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं.

"नोकरी तुह्या मनाची कर," ते म्हणाले. "कोट माह्या मनाचा घाल."

देवरावने पायजम्याच्या खिशातल्या मूठभर खुंट्या कोटाच्या खिशात टाकल्या आणि तो बापाला आपला बाक दाखवायला घेऊन गेला.